एकशे सात पावलं

ताकारीला पॅसेंजर दोन मिनिटं थांबते.
मी उतरले तेव्हा फलाटावर
दुधाच्या रिकाम्या किटल्या, बाकावर झोपलेला एक माणूस,
आणि माझ्या पिशवीत
मुखपृष्ठ गेलेलं, पहिली चार पानंही गेलेलं पुस्तक.
शाळेच्या पेटीतून मिळालं तेव्हाच ते तसं होतं.
त्यामुळे गोष्ट सुरू कशी होते
हे मला आजवर माहीत नाही.
माझ्यासाठी ती पाचव्या पानावर उघडते:
लंगडी शेळी मालगाडीला विचारते, जागा आहे का?

वत्सला खरमाटे या रुळांच्या कडेने वाढली.
वडील पॉइंट्समन, दर तीन वर्षांनी बदली,
म्हणून घरंही तीन.
रहिमतपूरच्या क्वार्टरमध्ये सिमेंटची पोती ठेवतात.
नांद्र्याला ऊस आहे. ऊसच आहे.
तिथे बांधावरच्या बाईने विचारलं,
"जमिनीचा काय वाद हाय का?"
मी म्हटलं, नाही हो, इथे एक लेखिका राहायची.
"मग सातबाऱ्यावर नाव असंल की,"
असं म्हणून ती पुन्हा पाचट ओढू लागली.

ताकारीचं घर दुसरा रूळ टाकताना पाडलं,
जोतं तेवढं राहिलंय.
न्हाणीचा दगड. चुलीच्या जागी काळा डाग,
तो चुलीचाच की डांबराचा, कोण सांगणार.
पुस्तकात हे घर केवढं!
स्टेशनची हरवलेली घंटा त्यात माळ्यावर सापडते,
एका रात्री अख्खं वऱ्हाड मुक्कामाला उतरतं
आणि तरी कोपऱ्यात शेळीला जागा उरते.
मी मधोमध उभी राहून हात पसरले.
भिंती असत्या
तर दोन्हीकडे बोटं टेकली असती.

आणि पुस्तकात आहे:
दारापासून इंजिनाच्या पाण्याच्या टाकीपर्यंत
बरोबर एकशे सात पावलं.
टाकीला ती समुद्र म्हणते.
टाकी गेली, रुळांपलीकडे विटांचे चार खांब उरलेत.
मी मोजत गेले. बासष्ट भरली.
परत येताना मोजली. बासष्टच.
एक्कावन्न वर्षांच्या बाईला
एवढ्याशा हिशोबावरून
रडू कोसळायचं काही कारण नव्हतं.

बाभळीखाली बसून हे सगळं बघत होते
बाबालाल मुलाणी, रिटायर गँगमन.
म्हणाले, "ताई, तुमचं पाऊल केवढं, तिचं केवढं."
ते नि ती एका वयाचे. बोरांवरून मारामाऱ्या.
मी विचारलं, शेळी खरंच होती?
"व्हती की. नाव बिव काय न्हवतं.
पाणी पाजाया न्यायची टाकीकडं,
पोरगी म्होरं, शेळी मागं,
मोठ्यानं आकडं म्हणत."
मग त्यांनी विळ्याची धार अंगठ्यावर बघितली.
"त्या दिशी मागं वळून बघितलंच न्हाय तिनं.
मालगाडी व्हती.
म्हैनाभर बोलली न्हाय वत्सी, कुणाशीच."

मी पिशवी चाचपली.
पुस्तकात शेळी गाडीत बसली,
आणि शेवटच्या पानापर्यंत
कुठल्याच स्टेशनला उतरली नाही.

मी चप्पल काढली. पाऊल आखडलं,
टाचेला अंगठा भिडेल इतपत,
आणि जोत्यापासून निघाले.
खडी पोळत होती.
आकडे बाबालाल म्हणत होते, मोठ्याने,
ऐंशी ओलांडली तसा त्यांचा आवाज घोगरा झाला.
एकशे चारला शिट्टी.
"ताई, मागं!"

मिरजेकडून मालगाडी आली,
उघड्या डब्यांची, रिकामी,
थांबायचं नाव न घेता.
खांब पलीकडे राहिले, तीन पावलं पलीकडे.
डबे किती होते ते मोजले नाहीत मी.
प्रत्येकात वाकून बघत होते.